ओला आहे, हात लावू नका

आमच्या पडवीच्या पायरीपासून फाटकापर्यंत, उताराच्या कडेने, एक लाकडी कठडा जातो. त्याला निळा ऑइल पेंट आहे. रंगाच्या डब्यावर एका दाराचं चित्र होतं, त्या दारात समोरच्या झाडाचं पान न् पान दिसत होतं. आमच्या कठड्यात काही दिसत नाही. काही ठिकाणी तो मंद आहे, काही ठिकाणी सुरकुतलेला, आणि हात फिरवला तर जागोजागी खडबडीत लागतो. पाहुणे विचारतात, रंगारी कोण होता? मी सांगतो, मीच. मग ते चहाविषयी बोलू लागतात.

हा रंग असा का झाला ते सांगायचं, तर आईच्या पडण्यापासून सुरुवात करावी लागेल.

गेल्या पावसाळ्यात आई ह्या उतारावर पडली. आमचं घर रस्त्यापासून बरंच वर आहे. फाटकापासून पडवीपर्यंत जांभ्या चिऱ्याच्या पायऱ्या आहेत आणि पावसात चिऱ्यावर शेवाळ धरतं हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. दरवर्षी मी पायऱ्या घासून त्यांवर ब्लीचिंग पावडर टाकतो. त्या वेळी म्हणालो, रविवारी टाकतो. आई शनिवारी पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि दिवाळी तिने खाटेवरून पाहिली.

हे मी आल्यागेल्या प्रत्येकाला सांगत असे. पाहुणे आईला बघायला यायचे आणि मी त्यांना शेवाळाची, रविवारची आणि पावडरीची गोष्ट सांगायचो. एकदा आईने खाटेवरूनच मला थांबवलं. म्हणाली, "मेल्या, पडलंय मी, आणि दुखणं तुझंच जास्त! जरा मला पण दुखू दे की."

पाहुणे हसले. मीही हसलो. पण सांगायचा मी थांबलो नाही.

आई हळूहळू उठली. वॉकर धरून घरात फिरू लागली, मग हातात काठी आली. पण ती उंबऱ्यापाशी आली की थांबायची. दोन्ही हात चौकटीला लावून खाली फाटकाकडे बघायची आणि मागे वळायची.

फाटक ही तिची जागा होती. तिचं माहेर नाटे गावचं, समुद्राला लागूनच. मासळीच्या बाबतीत ती कुणाचं ऐकून घेत नाही. रोज दुपारी मासेवाली फाटकाशी येऊन हाक मारायची, आई खाली उतरायची आणि मग दोघींचं जे चालायचं ते शेजारची माणसं काम थांबवून ऐकायची. आई कल्ले उघडून बघायची, मासेवाली तिच्या हातावर चापट मारायची. ही कालची मासळी, ही बर्फातली, ही तुझ्या नवऱ्याने विकत आणलेली. दोघी एकमेकींना नाही नाही ते बोलायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटायच्या.

आई पडल्यावर मासेवाली वर पडवीत येऊ लागली. टोपली उतरवायची, फडकं बाजूला करायची. आई आतून म्हणायची, "दे काय ते." भाव नाही, भांडण नाही. एकदा मी घरी असताना मासेवाली माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "दादा, आजीचं काय खरं नाय हां. काल मी मुद्दाम नरम बांगडे दिले, तरी काय बोलली नाय."

ते ऐकून मला डॉक्टरच्या कुठल्याही बोलण्यापेक्षा जास्त भीती वाटली.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं, "आजींचे पाय तयार आहेत. त्यांना उतारावर धरायला काहीतरी भक्कम पाहिजे. एकदा स्वतःच्या स्वतः खाली जाऊन आल्या की भीती जाईल. मात्र स्वतःच्या स्वतः. तुम्ही दंड धरून नेलंत तर काही उपयोग नाही."

तेव्हा कठडा करायचं ठरलं. मी स्टीलच्या नळ्यांचं बघत होतो, पण आई म्हणाली, "तो हॉस्पिटलातल्या खाटेचा दांडा माझ्या दारात नको." मग लाकूड. देवरूखच्या बाजूच्या एका वखारीतून ऐनाचं लाकूड आणलं. सुताराने खांब पुरले, वर हाताला बसेल असा गोल घडवलेला दांडा बसवला. खरंच सुंदर काम झालं होतं. रंग कोणता म्हणून विचारलं, तर आई लगेच म्हणाली, निळा. तिच्या वडिलांची होडी निळी होती.

बायको म्हणाली, "अहो, आता रंगारी बोलवा आणि मोकळे व्हा."

"नको. हे मी करणार."

"हे रंगकाम आहे की प्रायश्चित्त?"

तिला उत्तर नकोच होतं. तिने माझा जुना शर्ट काढून दिला.

मी सगळं नीट करायचं ठरवलं होतं, आणि चूक तिथेच झाली. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून आमच्याकडे कुंपणाच्या खांबांना काजूच्या टरफलांचं काळं तेल लावतात. काजूच्या कारखान्यातून ते मिळतं. मी विचार केला, खांबांनाच का, सगळ्या कठड्यालाच लावू. नीट मुरेपर्यंत लावू. आईचा हात ज्याच्यावर विसंबणार आहे, तो दांडा आतून पोखरला जाऊन एक दिवस मोडला तर? हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून मी तेल चोपडलं, वाळू दिलं, पुन्हा चोपडलं. लाकूड काळंभोर झालं. मग पॉलिश पेपर मारला, भेगांत लांबी भरली, प्रायमर लावला आणि निळ्या रंगाचा डबा उघडला.

पहिला हात मी ऑफिसातून आल्यावर, संध्याकाळी मारला. अंधार पडेपर्यंत कठडा असा चमकत होता की मी बायकोला बाहेर बोलावून दाखवला. पडवीच्या खांबाला मी पुठ्ठ्याची पाटी टांगली: ओला आहे, हात लावू नका. सकाळी उठून बघतो तर सगळ्यावर पांढुरकी झाक. दुधात पाणी घातल्यासारखा निळा. हिवाळ्यातलं दव आणि समुद्रावरून आलेला दमट वारा, दोन्ही रात्रभर ओल्या रंगावर बसले होते.

रंगाचं दुकान माझ्या शाळेतल्या मित्राचं आहे. तो बरीच वर्षं कुवेतला होता, परत आला आणि वडिलांच्या दुकानात बसला. मी चेहरा पाडून गेलो तेव्हा तो गल्ल्यावर चहा पीत होता.

"काय रे, कुणी गेलं काय?"

मी रंगाचं सांगितलं.

"संध्याकाळी लावलास? अरे, सूर्य चढल्यावर लाव, दव उडाल्यावर. चार वाजायच्या आत ब्रश धुऊन मोकळा हो. आणि आधी साध्या पाण्याने पूस. आपल्याकडे हवेतलं मीठ बसतं लाकडावर. जीभ लावून बघ हवी तर."

"मी पुसलं होतं."

"मग नशीब पूस." तो हसला. "मावशीला माझा सलाम सांग. म्हणावं, कठड्याचं उद्घाटन असेल तर बिर्याणी मी आणतो."

पुन्हा पॉलिश पेपर, पुन्हा पुसणं. पुढच्या रविवारी मी भर दुपारी दुसरा हात मारला. उन्हात लाकूड तापलं होतं. ब्रश फिरवावा तोच वरून साय धरायची, आणि खालचा रंग ओलाच. मी पुन्हा ब्रश फिरवला की साय सुरकुतायची. संध्याकाळी बोट टेकवून पाहिलं तर दुधावरच्या सायीसारखं हललं.

त्याच्या पुढच्या वेळी हवा छान होती. ऊन कोवळं, वारा पडलेला. पण अंगणातलं आंब्याचं कलम मोहोरलं होतं आणि तुडतुडे उठले होते. आंब्याचे बागायतदार ज्या किड्यांसाठी फवारण्या करतात, ते सगळे फवारणीतून वाचून माझ्या निळ्या रंगावर येऊन बसले. मी चिमट्याने एकेक काढत होतो. काढला की तिथे खड्डा, बुजवायला गेलं की ओघळ. बायको पडवीत बसून बघत होती.

"रंग कमी आणि किडे जास्त झाले तर सांगा," ती म्हणाली, "कालवण करू."

ह्या सगळ्या काळात पाटी तशीच होती. ज्या दांड्याला आईने धरावं म्हणून एवढा खटाटोप, त्याला हात लावायचा नाही असं मीच रोज तिला बजावत होतो. ती उंबऱ्यात येऊन उभी राहायची.

"सुकला काय रे?"

"नाही आई. अजून थोडा चिकट आहे."

"कठडा माझ्यासाठी हाय का मी कठड्यासाठी?"

"चांगला वाळू दे. मग धर. हाताला रंग लागेल."

"हाताला रंग लागला तर हात तुटतो काय?"

मी म्हणायचो, फक्त थोडे दिवस. आणि ऑफिसला जाता जाता पाटी सरळ करायचो.

खरी अडचण हीच होती की रंग वाळतच नव्हता. दव, ऊन, किडे ह्यांनी बाहेरचं रूप बिघडलं होतं, ते मी समजू शकत होतो. पण आठवडा उलटला तरी बोट टेकवलं की कच्च्या फणसाच्या चिकासारखं ओढून धरायचं. मित्राने वाळवण्याचं एक औषध दिलं, ते रंगात मिसळलं. फरक नाही. टर्पेंटाइन जास्त घातलं. फरक नाही. मी पुठ्ठ्याने वारासुद्धा घातला. हे मी आत्तापर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

त्यातच रंगावर बोटं दिसू लागली.

आधी वरच्या पहिल्या खांबापाशी. कुणीतरी दांडा धरला होता आणि हात उचलताना रंग ओढला गेला होता. मी घासून पुन्हा हात मारला. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर पुन्हा तिथेच, आणि थोडं खालीही. मला खरोखर राग आला. मांजर नव्हे, मांजराला बोटं नसतात. गॅसवाला त्या आठवड्यात आलाच नव्हता. राहिली मासेवाली. रोज वर चढून येणारी तीच.

शनिवारी दुपारी मी तिला पायऱ्यांवरच गाठलं.

"अहो मावशी, पाटी लावलीय ना? कठड्याला हात नका लावू. किती वेळा रंगवायचा मी?"

तिने टोपली डोक्यावरून खाली घेतली. "मी? मी कशाला धरू तुझा कठडा? ह्या पायऱ्या मी टोपली घेऊन चढते, दोन्ही हात टोपलीला. तिसरा हात कुठला आणू?"

"मग ही बोटं कुणाची?"

"वास घे."

"काय?"

"वाकून वास घे दादा. माझा हात लागला असता तर तुझ्या कठड्याला मांजरं चाटत बसली असती."

मी वाकलो. इतका वाकलो की नाकाला निळा ठिपका लागला. वास रंगाचा होता, आणि त्याच्या खाली आणखी कसला तरी, जळकट, घशाशी येणारा. मासळीचा अजिबात नव्हता. मासेवाली माझ्या नाकाकडे बघून हसत सुटली. आत खाटेवर बसलेली आई हसल्याचंही मला ऐकू आलं. मी माफी मागितली. ती म्हणाली, "माफी नको, सुरमई घे."

तो जळकट वास माझ्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी मी फाटक बघायला खाली गेलो. डब्यात उरलेला रंग मी सहज म्हणून जुन्या लाकडी फाटकाला मारला होता, विशेष लक्ष न देता. फाटक खणखणीत वाळलं होतं. नखाने टोचलं तरी ओरखडा नाही. चित्रातल्या दारासारखं चकाकत होतं. तोच रंग, तोच ब्रश, तोच माणूस. फरक एकच होता. फाटकाला मी काजूचं तेल लावलं नव्हतं.

मग कठड्याकडे नीट पाहिलं. वरच्या भागात निळ्यातून तपकिरी डाग वर येत होते. तेल आतून सगळ्या थरांमधून बाहेर पडत होतं आणि रंगाला वाळू देत नव्हतं.

मित्राला फोन केला. तो इतका हसला की त्याला खोकला लागला.

"काजूचं तेल? आणि त्याच्यावर ऑइल पेंट? मेल्या, आधी सांगायचं होतंस ना. माझ्या चुलत्याने बुरोंडीला घराचं दार असंच रंगवलं होतं. एक अख्खा पावसाळा जो दाराला टेकेल तो शर्ट सोडून घरात जायचा."

"आता काय करू?"

"सगळं खरवड. पार लाकडापर्यंत. लाकूड उन्हात चांगलं महिना-दीड महिना तापू दे, तेल बाहेर येऊन सुकू दे. मग पहिल्यापासून."

महिना-दीड महिना. आणि मग माझ्या गतीने पुन्हा प्रायमर, पुन्हा रंगाचे हात. म्हणजे पावसाच्या तोंडाशी. आणि पावसात तर मी आईला पायरीवर पाऊल टाकू देणार नव्हतो. मी फोन ठेवला आणि पडवीत बसून राहिलो. माझ्यामुळे ती पडली आणि आता माझ्याच काळजीमुळे अडकून पडली, हे मी बायकोला म्हणालो. ती भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "बरं झालं, तुमचं तुम्हालाच कळलं," इतकंच म्हणाली.

खरवडायला मी त्याच दिवशी, उन्हं उतरताना बसलो. हातात पत्रा होता. सूर्य तिरपा आला होता आणि उजेड दांड्यावर आडवा पडत होता. त्या उजेडात मला बोटं पहिल्यांदाच सगळी एकत्र दिसली. आतापर्यंत मी एकेक ठसा बघत होतो, चिडत होतो आणि पुसत होतो. आता दिसलं की ते ओळीने होते. बाहेरच्या बाजूला चार बोटं, आतून अंगठा. पुन्हा चार बोटं, पुन्हा अंगठा. सगळा डावा हात. वरच्या खांबापाशी एकमेकांवर इतके ठसे की रंगाचा चिखल झालेला, पुढे विरळ, आणि अगदी मधल्या वळणापर्यंत. त्याच्या पुढे, जिथे पायऱ्या जास्त उंच आहेत आणि जिथे आई पडली होती, तिथून फाटकापर्यंत दांडा स्वच्छ.

आईच्या डाव्या हाताची करंगळी जन्मापासून जरा वाकडी आहे. प्रत्येक ठशात ती वाकडी होती.

मी पत्रा खाली ठेवून आत गेलो. आई खाटेवर बसून नातवाशी फोनवर बोलत होती. आमचा मुलगा शिकायला पुण्याला असतो. मी तिचा डावा हात उलटा करून बघितला. तळव्याच्या रेघांत निळा रंग होता, वर खोबरेल तेलाची चकाकी.

"बाबा आला तुझा," आई फोनमध्ये म्हणाली, "चोर पकडलान बघ." आणि फोन ठेवला.

मला पहिल्यांदा सुचलं ते काजूचं तेल. ते कातडीला लागलं की फोड येतात. मी विचारलं, "हात जळतोय का? आग होतेय? आई, त्यात काजूचं तेल आहे, मीच लावलंय, मला माफ कर, मला वाटलं..."

"गप रे. लहानपणी आम्ही काजू भाजून फोडायचो, तोंडं काळी व्हायची. ह्या हाताला काय व्हतंय." तिने हात सोडवून घेतला. "आणि वास मला पहिल्याच दिवशी आला होता. म्हटलं, चाललंय त्याचं तर चालू दे."

"तू एकटी उतरतेस?"

"मग काय वरात घेऊन उतरू?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं.

"रोज तुम्ही ऑफिसला गेलात की," ती म्हणाली. "आधी एक खांब, मग दोन. चढताना त्यांना काठी पुरते, भीती उतरतानाच. मी पडवीत तांदूळ निवडत बसते आणि बघत नाही असं दाखवते. मग हाताला तेल चोळून रंग काढते."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही रजा टाकून मागोमाग चालला असतात. एक हात त्यांच्या पाठीला, एक हात दंडाला. आणि तोंडाने शेवाळाची गोष्ट."

अगदी तसंच झालं असतं.

"मी तो खरवडणार होतो," मी आईला म्हणालो. "मित्र म्हणतो, पार लाकडापर्यंत काढल्याशिवाय चकाकी येणार नाही."

"मला चकाकी काय करायचीय? तुळतुळीत झाला की हात सुटणार. हा चिकट हाय ना, तो सोडत नाय. मी सोडीन तेव्हाच सोडतो." मग तिने डोळे मिटून घेतले, थकल्यासारखी. "खरवडलास तर मी काय धरू? तेवढं सांग."

मी बाहेर गेलो. पत्रा उचलला आणि कोठीत ठेवला. तसं करताना मला वाईट वाटलं, हे लपवत नाही. त्या कठड्यात कुणाचं तरी तोंड दिसावं असं मला फार वाटत होतं, आणि ते तोंड आईचं नव्हतं, माझं होतं. लोकांनी थांबून बघावं आणि म्हणावं, मुलाने केलंय. पडवीच्या खांबावरची पाटीही काढली. तिला चार-पाच निळी बोटं आधीच लागलेली होती.

शिमग्याला जोडून मी रजा घेतली होती. सणाची धामधूम संपली आणि एक साधी दुपार आली. बायको सकाळीच म्हणाली, "आज तुम्ही घरी आहात. बाहेर यायचं नाही. वळूनही बघायचं नाही. कबूल?"

"कबूल."

तिने मला दाराकडे पाठ करून बसवलं, पुढ्यात खवणी ठेवली आणि हातात नारळाची वाटी दिली. मी खवू लागलो. खाली रस्त्यावरून मासेवालीची हाक आली. आज ती वर चढून आली नाही. आई खाटेवरून उठली. काठीचा आवाज माझ्या मागून गेला, उंबऱ्यापाशी थांबला, मग पडवीत, मग पायरीवर. काठी, मग पाऊल, मग थोडा वेळ काही नाही. रंग हाताला सोडताना एक बारीक चिकट आवाज येतो, तो मला ऐकू येत होता, किंवा मला तसं वाटत होतं.

मधल्या वळणापाशी काठी थांबली.

माझा हात थांबला. नारळाची वाटी खवणीवर तशीच राहिली. तिथून पुढची पायरी उंच आहे. मी किती वेळा त्या पायरीचं नाव घेतलं असेल, किती लोकांना ती दाखवली असेल. मी उठणार तेवढ्यात बायको, बाहेर पडवीतून, तांदळातून डोकं न काढता म्हणाली, "खवा."

मी खवू लागलो. वाटी संपली तरी करवंटीवर खवणी चालवत होतो.

काठीचा आवाज पुन्हा आला नाही. वळणापुढे पायऱ्यांच्या कडेला माती आहे, तिथे काठी वाजत नाही, हे मला तेव्हा आठवलं नाही. मग एकदम फाटकाची कडी वाजली, आणि आईचा आवाज आला, पूर्वीसारखा, शेजारच्या घरापर्यंत जाणारा.

"ह्या बांगड्याचे डोळे बघ गो! परवा मेलेला दिसतोय. सुतकातला बांगडा मला देतेस?"

"आजी, सकाळी पाण्यात होता!"

"कुठल्या पाण्यात? बर्फाच्या?"

"हात काढ आधी! कल्ले फाडशील. निळे झाले की माझे बांगडे!"

"मग कमी कर भाव. निळे बांगडे कोण घेतो तुझे?"

बायको पडवीत तोंडाला पदर लावून बसली होती. मी अजून वळलो नव्हतो. खवलेल्या नारळाचा चव माझ्या पायावर सांडला होता.

भांडण बराच वेळ चाललं. मग खालून हाक आली. "अरे ए! पिशवी आण! मासळी पदरात घेऊ काय? आणि बायकोला सांग, कालवणाला तिरफळं काढून ठेव!"

मी पिशवी घेतली. पळत सुटल्यासारखं दिसू नये म्हणून हळू उतरलो. मधल्या वळणाच्या पुढे दांडा काल स्वच्छ होता, तिथे आता नवे ठसे होते. उंच पायरीपाशी एकाच जागी खूप, पुन्हा पुन्हा धरल्यासारखे. मग पुढे, एकेक करत, शेवटच्या खांबापर्यंत.

आई फाटकाला टेकून उभी होती. कपाळावर घाम, डावा तळवा निळा. मासेवालीने माझ्याकडे पाहिलं आणि आईचा हात मनगटाला धरून वर केला.

"घे दादा, वास घे! बघ कुणाचा हात हाय तो!"

"त्याला काय विचारतेस," आई म्हणाली. "पिशवी धर रे नीट. आणि माझ्या मागून चालायचं नाय. पुढे हो."

मी पिशवीचं तोंड उघडून धरलं. बांगडे आत पडले. मग मी पुढे झालो आणि पायऱ्या चढू लागलो, मागे न बघता.